मालकीचे घर की हक्काचे घर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुंबईत पहिल्यांदाच घर घेऊ पाहणाऱ्या माणसाला ते परवडते काय, हा आजच्या चर्चेचा विषय. या प्रश्नाचे उत्तर ज्याला त्याला आपापल्या अनुभवातून ठाऊक आहे, आणि ते एका शब्दाचे आहे. तेव्हा प्रश्न उत्तराचा नसून कारणाचा आहे. का परवडत नाही? आणि परवडावे म्हणून गेली कित्येक वर्षे जे उपाय योजले गेले, त्यांनी किमती उतरण्याऐवजी चढत्याच का राहिल्या? याचा छडा लावल्याखेरीज चळवळीने कोणती मागणी करावी, हे ठरविता येणार नाही.

आरंभ साध्या हिशेबाने करणे बरे. पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी, दोघांचे मिळून महिन्याचे उत्पन्न ८० हजार रुपये. देशाच्या मानाने हे कुटुंब गरीब म्हणता येणार नाही. त्यांनी उपनगरात बांधकाम चालू असलेल्या इमारतीतले एक कोटी रुपयांचे लहानसे घर घ्यावयाचे ठरविले. ७५ लाखांहून मोठ्या कर्जासाठी किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम बँकेने देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे या घरावर कर्ज मिळेल ते ७५ लाख; उरलेले २५ लाख पदरचे. त्यावर मुद्रांक शुल्क आणि मेट्रोचा अधिभार मिळून सहा लाख, नोंदणीचे ३० हजार, आणि वस्तू व सेवा कराचे पाच लाख. एकूण ३६ लाख ३० हजार रुपये घराची किल्ली हाती येण्यापूर्वीच मोजावयाचे. महिना २० हजार रुपये शिल्लक टाकली, तर एवढी रक्कम जमण्यास पंधरा वर्षे लागतात.

बचतीवर व्याजही मिळेल, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. सहा टक्के व्याज धरले तर पंधरा वर्षांत ५८ लाख होतील. पण घराची किंमत वर्षाला केवळ पाच टक्क्यांनी वाढली, तरी तोवर ती दोन कोटींवर गेलेली असेल आणि पदरचे ७५ लाख लागतील. पगार वाढेल, बचतही वाढविता येईल. परंतु घरभाडे आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्याच वेगाने वाढतो. धावणाऱ्याच्या पुढे अंतिम रेषाही धावत राहावी, असा हा प्रकार आहे.

आता कर्जाकडे वळू. साडेआठ टक्के दराने, वीस वर्षांच्या मुदतीने घेतलेल्या ७५ लाखांचा मासिक हप्ता ६५ हजार रुपये होतो. ८० हजारांच्या मिळकतीत हप्ता भरल्यावर उरतात १५ हजार. उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत हप्ता असावा असे धरले, तर या घरासाठी महिना एक लाख ६२ हजारांचे उत्पन्न हवे. वीस वर्षांत एकूण फेड होते एक कोटी ५६ लाखांची. त्यात ८१ लाख नुसते व्याज. एका पिढीच्या कमावत्या आयुष्याचा मोठा हिस्सा असा गहाण पडतो. हप्ता चुकेल या धास्तीने जगणारा माणूस संपात उतरत नाही, अन्यायाविरुद्ध वरिष्ठांशी भांडत नाही, नोकरी सोडण्याचा विचारही करीत नाही. कामगाराच्या गळ्यात घराची मालकी बांधली की तो जागच्या जागी जखडला जातो, हे एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना दाखविले होते. कर्जाच्या हप्त्याने तो फास आणखी आवळला आहे.

यावर सरकारांनी आजवर सुचविलेले उपाय बहुतेक एकाच जातीचे आहेत: ग्राहकाची खरेदीची शक्ती वाढवावी. व्याजावर आयकरात सवलत द्यावी, व्याजाचे दर उतरवावेत, अनुदान द्यावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत कर्जाशी निगडित व्याज-अनुदान होते, आणि ते काही गटांना दोन लाख ६७ हजारांपर्यंत मिळत असे. महामारीच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, राज्य सरकारने मुद्रांक शुल्क दोन टक्क्यांवर आणले होते. या सवलती ज्यांना मिळाल्या त्यांना बरे वाटले यात शंका नाही. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे पुढे काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

व्याजाचा दर साडेआठवरून साडेसात टक्क्यांवर आला असे समजा. वरच्या उदाहरणातील हप्ता साडेचार हजारांहून थोडा अधिक कमी होईल. पण त्याच जुन्या हप्त्यात आता ७५ लाखांऐवजी सुमारे ८१ लाखांचे कर्ज मिळू शकेल. हे एकाच कुटुंबाला मिळाले असते तर त्याचा लाभ झाला असता. ते सर्वांनाच मिळते. घर घेऊ पाहणारा प्रत्येक जण सहा लाख रुपये अधिक मोजण्यास समर्थ होतो, आणि ज्या जमिनीसाठी ही चढाओढ चालते ती जमीन मात्र तसूभरही वाढत नाही. साहजिकच ते सहा लाख हळूहळू किमतीत मिसळून जातात. सवलत दिली जाते खरेदीदाराच्या नावाने आणि जमा होते जमीनमालकाच्या खात्यात.

यात काही गूढ नाही. रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेला खंडाचा सिद्धांतच येथे लागू पडतो. सिमेंट, लोखंड, विटा, वाळू, गवंड्याची मजुरी यांचा खर्च मुंबईत आणि सोलापुरात काही पटींनी वेगळा नसतो. उंच इमारतीला अधिक खर्च येतो हे गृहीत धरले तरी नसतो. तरीही घराच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो, तो जमिनीमुळे. आणि मुंबईच्या जमिनीला हे मोल कोणी आणून दिले? मालकाने तिथे कोणती मेहनत केली? रेल्वे, बंदर, पाणी, रस्ते, शाळा, इस्पितळे आणि लाखो माणसांचे श्रम यांनी ते निर्माण केले. समाजाने निर्माण केलेले हे मोल मालकाच्या खिशात जाते, आणि ज्यांनी ते निर्माण केले त्यांनाच ते पुन्हा विकत घ्यावे लागते. अर्थशास्त्रात याला अनर्जित वाढ म्हणतात. साध्या मराठीत त्याला आयते खाणे म्हणतात.

दुसरा उपाय सांगितला जातो तो पुरवठ्याचा. चटईक्षेत्र निर्देशांक वाढवा, उंच बांधू द्या, घरे पुष्कळ झाली की किमती आपोआप उतरतील. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल; घरे बांधल्यावाचून घरांचा तुटवडा जाणार नाही. परंतु कोणती घरे आणि कोणासाठी, हा प्रश्न बाजार विचारीत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशाच्या नागरी भागात सुमारे एक कोटी ८८ लाख घरांची तूट असल्याचा अंदाज दिला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतली होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, देशाच्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्यांपैकी सुमारे पावणेपाच लाख एकट्या मुंबईत होती, आणि त्याच मुंबईत ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती. रिकामे घर आणि बेघर माणूस शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा दोष केवळ पुरवठ्याचा नसतो.

गिरणगावाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या आयुष्याची घडी विस्कटली. पुढे गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे करावयाचे ठरले होते: एक महानगरपालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल करून हे वाटे केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरते मर्यादित केले गेले. जमिनीवर गिरणी उभी, मग मोकळी जमीन उरणार किती? समाजाच्या वाट्याला चतकोर आला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. तत्पूर्वी, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली होती. सरकारच्या मालकीची जमीन सरकारनेच लिलावात काढावी, सर्वांत चढी बोली बोलणाऱ्याला द्यावी, आणि नंतर घरे महाग झाली म्हणून हळहळावे! सातशे कोटींच्या जमिनीवर नर्सचे आणि कारकुनाचे घर उभे राहत नाही. लिलावाची बोली ज्या क्षणी लागली, त्याच क्षणी तिथे कोण राहणार हे ठरून गेले.

त्याचा परिणाम जनगणनेच्या आकड्यांत उमटला आहे. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. ज्या दशकात लालबाग-परळचे मनोरे आकाशाला भिडू लागले, त्याच दशकात तिथली माणसे अडीच लाखांनी कमी झाली. त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेली. माणसे डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार येथे ढकलली गेली. स्वस्त घराची उरलेली किंमत ती रोज लोकलमध्ये लटकून मोजतात. उपनगरी रेल्वेवर वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले, तेव्हा तो रेल्वेचा अपघात म्हणून नोंदविला गेला. घरांच्या धोरणाचे बळी म्हणून त्यांची नोंद कोठेही होत नाही.

आता थोडे चळवळीच्या घरात डोकावणे आवश्यक आहे. गेल्या काही दशकांत डाव्या आणि समाजवादी पक्षांची, संघटनांची घरांबाबतची मागणी काय राहिली आहे? 'मालकी हक्काचे घर मिळालेच पाहिजे.' झोपडीवासीयांसाठी हीच मागणी, चाळकऱ्यांसाठी हीच, गिरणी कामगारांसाठीही हीच. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या १६० चौरस फुटांत काढल्या त्यांनी अशी मागणी करणे स्वाभाविक होते, आणि ती लढवून मिळविणाऱ्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात म्हाडाने ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे दिली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्या योजनेचाही खर्च भागवावयाचा तो उरलेल्या जमिनीवरची घरे बाजारभावाने विकून. झोपडपट्टी पुनर्वसनाचे सूत्रही तेच. १९९५ मध्ये ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली. तीस वर्षांत त्या संख्येच्या जवळपासही कोणी पोचले नाही. कारण जिथे विक्रीच्या इमारतीला भाव येईल तिथेच बिल्डर जातो. आज चाळीत राहणाऱ्याला घर मिळते. पण त्या चाळीत पूर्वी जसा कोकणातून, घाटावरून आलेला नवा माणूस भाड्याच्या खोलीत टेकत असे, त्याला टेकण्याची जागा कायमची नाहीशी होते. पहिल्यांदा घर शोधणाऱ्याचे दार बंद करण्यात चळवळीच्या मागणीचाही अजाणता हातभार लागला आहे.

भाडे नियंत्रणाची कथा अशीच आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्यच होते. पण त्याबरोबर सरकारने स्वतः भाड्याची घरे मोठ्या प्रमाणावर बांधावयास हवी होती, ती बांधली नाहीत. खाजगी मालकाने भाड्यासाठी बांधणे सोडले, दुरुस्ती सोडली, आणि पागडी सुरू झाली. आत असलेल्याचे रक्षण झाले. बाहेर असलेला बाहेरच राहिला. मग मालकीचे फ्लॅट आले, आणि भाड्याने घर ही कल्पनाच मध्यमवर्गाला कमीपणाची वाटू लागली.

तेव्हा दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो परका नाही. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, ती भाडेकरू-सहभागीदारीच्या तत्त्वावर. जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची. सभासद हा एकाच वेळी संस्थेचा भागीदार आणि तिचा भाडेकरू. राहण्याचा हक्क त्याचा. घर विकून नफा कमावण्याचा धंदा त्याचा नव्हे. पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था हजारोंनी निघाल्या, पण त्यांतले हे तत्त्व गळून पडले आणि पाटीवर तेवढा सहकार उरला.

दुसरे उदाहरण गोरेगावचे. १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा शहरातील अतिरिक्त जमीन समाजाकडे यावी म्हणून झाला. पण सवलतींच्या कलमांतून ती बहुतेक निसटून गेली. अशा वेळी मृणालताई गोरे, बाबुराव सामंत आणि प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून त्या कायद्याच्या आधारे दिंडोशीची जमीन मागितली, दीर्घ लढा दिला, आणि सहा हजारांहून अधिक सामान्य कुटुंबांना त्यांच्या ऐपतीतली घरे मिळाली. बांधणारे गवंडी तेच, सिमेंट तेच. फरक एवढाच की जमीन बाजारभावाने घ्यावी लागली नाही. महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये हा कायदाच रद्द केला, तेव्हा जमीन खुली झाली की घरे स्वस्त होतील असे सांगण्यात आले होते. स्वस्ताई कोणाला दिसली असल्यास त्याने दाखवावी.

परदेशात पाहावयाचे तर व्हिएन्नाचे उदाहरण आहे. तिथल्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर कर बसविला. तो चढत्या श्रेणीचा होता; आलिशान घरांवर भार अधिक, कामगारांच्या घरांवर नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली आणि ती भाड्याने दिली, विकली नाहीत. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही त्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसे नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. सिंगापूरनेही १९६० पासून सरकारी जमिनीवर घरे उभारली, आणि आज तिथले सुमारे ऐंशी टक्के रहिवासी सार्वजनिक घरांत आहेत. पण ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकली आणि ठराविक काळानंतर बाजारात पुनर्विक्रीस मोकळी केली; त्यामुळे तिथल्या तरुणांनाही आता वाढत्या किमतींची झळ लागते आहे. दोन्ही शहरांत जमीन समाजाने हाती घेतली. घर बाजारात परत जाऊ दिले की नाही, एवढ्याने पुढचा फरक पडला.

यावरून चळवळीच्या मागण्या स्पष्ट होतात. सार्वजनिक मालकीची एक चौरस फूटही जमीन लिलावात जाता कामा नये. मग ती बंदराची असो, रेल्वेची असो, मिठागराची असो की बंद गिरणीची. त्या जमिनीवर भाड्याची आणि सहभागीदारीची घरे बांधली जावीत. सभासद सोडून गेला तर त्याने गुंतविलेले पैसे महागाईच्या प्रमाणात परत मिळावेत आणि घर संस्थेकडे, पुढच्या गरजूकडे जावे. वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवलेल्या घरांवर जबर कर बसावा. मेट्रो आणि रस्ते आल्यामुळे जमिनीचे जे मोल वाढते, त्याचा वाटा समाजाने कररूपाने परत घ्यावा, आणि तोच पैसा या घरांसाठी वापरावा.

या मागण्यांना सर्वांत मोठा अडथळा बिल्डरांचा येईल असे वाटणे साहजिक आहे. परंतु खरा अडथळा त्याहून जवळ आहे. गोरेगावात किंवा मुलुंडमध्ये तीस वर्षांपूर्वी घर घेतलेला निवृत्त शिक्षक आपल्या घराची किंमत आज दोन कोटी झाली म्हणून समाधान मानतो, आणि त्याच घरात त्याची नोकरी करणारी मुलगी विरारपलीकडच्या घराच्या जाहिराती चाळीत बसते. बापाचे समाधान आणि मुलीची विवंचना ही एकाच आकड्याची दोन नावे आहेत. किमती उतराव्यात असे म्हणावयाचे तर आपल्याही घराची किंमत उतरेल, हे मान्य करावे लागेल. पक्षाच्या शाखांत बसणाऱ्यांपैकी अनेक जण त्या बापाच्या जागी आहेत. ते धैर्य त्यांनी दाखविले नाही, तर परवडणाऱ्या घरांविषयीचे ठराव कागदावर राहतील.

२०२३ च्या म्हाडाच्या सोडतीत मुंबईतील ४,०८२ घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले. त्याच सोडतीत ताडदेवचे एक घर साडेसात कोटींचे होते. घर हा नशिबाचा खेळ झाला आणि सार्वजनिक संस्थाच कोट्यवधींची घरे विकू लागली, याहून धोरणाच्या दिवाळखोरीचा वेगळा पुरावा नको. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते शेलू-वांगणीला पाठविण्याच्या योजनेविरुद्ध, मुंबईतच घर मागण्यासाठी. ज्या शहराला त्यांच्या श्रमांनी मोल आणले, त्या शहरात राहण्याचा हक्क ते मागत होते. त्यांच्या बाजूने उभे राहताना चळवळीने त्या मागणीला एक जोड द्यावी: घर मुंबईत असावे, हक्काचे असावे, आणि ते बाजारात कधीही परत जाऊ नये. तसे झाले तरच त्या कामगारांच्या नातवंडांनंतर या शहरात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्यालाही डोके टेकण्यास जागा उरेल.